विरजणाचे मोल सांगणारा शास्त्रज्ञ : एली मेचनिकॉफ



गेल्या वर्षीची गोष्ट. आमच्या धाकट्या लेकीला दिवस गेले होते. आमच्या घराण्यात मधुमेह आहे. गरोदरपणात आपलीही साखर वाढेल या धास्तीने, कुणा मैत्रिणीच्या सांगण्यावरून, ती दुकानातून गोळ्यांची एक डबी घेऊन आली. त्या गोळ्यांत औषध नव्हते, जिवंत जंतू होते. आतड्याला उपयोगी पडणाऱ्या अशा जंतूंना हल्ली प्रोबायोटिक म्हणतात. औषध नव्हे म्हणून तिने ते ना आम्हांला सांगितले, ना टिपत हालावमधल्या नर्सबाईंना. आठव्या महिन्यात तिच्या पायांना सूज आली, रक्तदाब चढला. घरात काय काय घेतेस म्हणून नर्सबाईंनी खोदून विचारले, तेव्हा ती डबी पर्समधून बाहेर आली. डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या आणि तिला इस्पितळात ठेवून घेतले. त्या चार रात्री आम्ही कशा काढल्या ते आमचे आम्हांला ठाऊक. देवाच्या कृपेने पुढे बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. रक्तदाब त्या गोळ्यांमुळे चढला असे डॉक्टरांनी म्हटले नाही आणि आम्हीही म्हणत नाही.

घरी आल्यावर दुसराच वाद उभा राहिला. आमच्या थोरल्या भगिनी जुन्या कोकणी वळणाच्या. बाळंतिणीला अळिवाची खीर चालेल, बाळंतशेपा चालेल, पण दही-ताक तिच्या दृष्टीस पडता कामा नये. ते थंड, बाळाला सर्दी होईल, हा त्यांचा नेम. लेक म्हणाली, दुकानातले विकत घेतलेले जंतू डॉक्टरांनी बंद केले, घरच्या दह्यातले मावशी बंद करते. मग चांगले जंतू म्हणून जे काही सांगतात ते खरे की खोटे?

आम्ही जन्मभर शाळेत शिकवले, पण या प्रश्नाचे उत्तर आम्हांला चटकन देता आले नाही. ते शोधता शोधता आम्ही एका माणसाच्या चरित्रापाशी येऊन पोचलो. हा माणूस आईकडून यहुदी रक्ताचा होता, आणि त्याच्या एका शिष्याचे उपकार तर मुंबईच्या बेने इस्राएलांवर थेट आहेत. म्हणून त्याची हकीकत येथे देत आहोत.

इल्या मेचनिकॉफ यांचा जन्म मे १८४५ मध्ये, आज युक्रेनमध्ये असलेल्या खारकोव्ह शहराजवळच्या एका खेड्यात झाला. पुढे फ्रान्समध्ये इल्याचे एली झाले व जगाला ते त्याच नावाने माहीत आहेत. वडील झारच्या पलटणीतले अधिकारी आणि जमीनदार. आई एमिलिया ही नेवाखोविच या यहुदी घराण्यातली. तिचे वडील लेब नेवाखोविच हे विद्वान गृहस्थ. रशियातल्या यहुद्यांना माणुसकीने वागवावे अशी कळकळीची विनंती करणारे पुस्तक त्यांनी १८०३ साली रशियन भाषेत लिहिले. त्या भाषेत यहुदी लेखकाने लिहिलेले ते पहिलेच पुस्तक मानतात. पुढे मात्र त्यांनी धर्म बदलला व ते ल्यूथरन झाले. त्या काळी रशियात वर चढायचे तर यहुद्याला ही किंमत मोजावी लागे.

इल्या हा घरातला शेंडेफळ. लहानपणापासून झाडेपाने आणि किडेमुंग्या यांत रमलेला. त्याला डॉक्टर व्हायचे होते, पण आईने त्याचे मन वळवले. मुलगा फार हळवा आहे, लोकांचे दुखणे रोज डोळ्यांपुढे पाहणे याला झेपणार नाही, असे तिचे मत पडले. त्याने तिचे ऐकले व प्राणिशास्त्र घेतले. खारकोव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्याने दोन वर्षांत संपवला. मग जर्मनीत आणि इटलीत समुद्रकाठी राहून त्याने समुद्रातल्या लहान लहान जीवांचा अभ्यास केला, आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तो ओडेसा विद्यापीठात शिकवू लागला. वर्गातले काही विद्यार्थी गुरुजींपेक्षा वयाने मोठे होते.

आईची पारख खोटी नव्हती. १८६९ साली मेचनिकॉफ यांनी ल्युदमिला नावाच्या मुलीशी लग्न केले. तिला क्षय होता. लग्नाच्या दिवशी तिला इतका दम लागत होता की खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. हवापालटासाठी ते तिला घेऊन दूरदूर हिंडले, पण १८७३ साली मदेरा बेटावर ती वारली. मेचनिकॉफ सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी विष घेतले, पण ते उलटून पडले व जीव वाचला. दोन वर्षांनी त्यांनी ओल्गा नावाच्या तरुण मुलीशी दुसरे लग्न केले. १८८० च्या सुमारास ओल्गाला टायफॉइड होऊन ती मरणाच्या दारी गेली, तेव्हा त्यांनी पुन्हा एकदा जिवावर उदार होऊन स्वतःला तापाचे जंतू टोचून घेतले. दोघेही बरी झाली. एवढ्या दुःखातून गेलेला हा माणूस पुढे सगळ्या जगाला जगण्याची उमेद शिकवणारा झाला.

१८८१ साली झार दुसरा अलेक्झांडर याचा खून झाला आणि रशियात दडपशाही माजली. विद्यापीठात अभ्यासापेक्षा राजकारण जास्त. मेचनिकॉफ यांनी राजीनामा दिला. ओल्गाचे आईवडील वारले होते. तिच्या धाकट्या भावंडांना बरोबर घेऊन हे कुटुंब १८८२ साली सिसिली बेटावर मेसिना या गावी जाऊन राहिले. मेचनिकॉफ यांना स्वतःचे मूल झाले नाही. मेव्हण्या-मेव्हण्यांचेच त्यांनी आईबापाच्या मायेने केले.

त्या वर्षाच्या अखेरीस एके दिवशी घरातली सगळी मंडळी सर्कशीतली माकडे पाहायला गेली होती. मेचनिकॉफ एकटेच घरी सूक्ष्मदर्शक लावून तारामाशाची पिल्ले पाहत बसले होते. ही पिल्ले काचेसारखी आरपार दिसतात. त्यांच्या अंगात काही पेशी इकडून तिकडे हिंडत होत्या. मेचनिकॉफ यांच्या मनात आले, बाहेरचा शत्रू अंगात शिरला तर याच पेशी त्याच्यावर धावून जात असतील काय? बागेत गुलाब होता. त्याचे काटे त्यांनी पिल्लांच्या अंगात हळूच टोचून ठेवले आणि रात्र जागून काढली. सकाळी पाहतात तो काट्यांभोवती त्या पेशींचा गराडा पडलेला. माणसाच्या बोटात काटा मोडला की तेथे पू होतो, तो याच लढाईचा. शत्रूला गिळून टाकणाऱ्या या पेशींना पुढे फॅगोसाइट, म्हणजे भक्षक पेशी, असे नाव मिळाले. पाण्यातल्या पिसवेच्या अंगात या पेशी बुरशीचे बी गिळताना त्यांनी नंतर पाहिले. शरीर रोगाशी कसे झुंजते याचा एक मोठा धागा त्या दिवशी हाती लागला.

जर्मनीतल्या पंडितांना हे पटले नाही. रोगाचा नाश रक्तातल्या द्रवाने होतो, पेशींचा त्यात वाटा नाही, असे त्यांचे म्हणणे. हा वाद वीस-पंचवीस वर्षे चालला. मेचनिकॉफ तडकाफडकी बोलणारे व वादात मागे न हटणारे होते. शेवटी दोन्ही पक्षांत तथ्य ठरले, आणि १९०८ सालचे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व द्रवाच्या बाजूचे पॉल एर्लिख यांना मिळून देण्यात आले. एर्लिख हेही यहुदीच.

मध्यंतरी १८८६ साली मेचनिकॉफ ओडेसात नव्या जंतुशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले होते. पण ते डॉक्टर नव्हते, म्हणून गावातले डॉक्टर त्यांच्याविरुद्ध. त्यातच ते परगावी असताना हाताखालच्यांनी लस टोचलेली हजारो मेंढरे मेली. ते कंटाळले व १८८८ साली पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे गेले. पाश्चर यांनी आपल्या नव्या संस्थेत त्यांना स्वतंत्र प्रयोगशाळा दिली. पुढची अठ्ठावीस वर्षे ते तेथेच राहिले.

आता शिष्याची गोष्ट. ओडेसात मेचनिकॉफ यांच्या हाताखाली वाल्देमार हाफकिन नावाचा यहुदी मुलगा शिकत होता. हुशार, पण सरकारच्या काळ्या यादीतला. धर्म बदलल्याशिवाय त्याला विद्यापीठात वर चढता येत नव्हते. गुरूच्या आजोबांनी जे केले ते या शिष्याने केले नाही. यहुदी म्हणूनच तो देश सोडून निघाला. १८८९ साली तो पाश्चर संस्थेत आला. तेथे आरंभी जागा होती ती ग्रंथालयातली. पुस्तके लावता लावता त्याने कॉलऱ्याची लस तयार केली, १८९२ साली ती प्रथम स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ साली तो कलकत्त्याला आला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला तो मांडवीत. आपल्या बेने इस्राएलांची जुनी वस्ती, सॅम्युएल स्ट्रीट, आणि १७९६ साली बांधलेली आपली पहिली मशीद, सारे त्याच मांडवीत. हाफकिन मुंबईला धावले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या लहानशा जागेत त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी आपल्याच अंगात टोचून घेतली. परळच्या जुन्या राजभवनात त्यांची प्रयोगशाळा पुढे गेली. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट झाली. मुंबईत शाळेत असताना तेथे सापाचे विष कसे काढतात ते पाहायला आमची सहल गेली होती. हाफकिन यहुदी होते हे तेव्हा गुरुजींनी सांगितले, आणि आमची मान ताठ झाली. त्यांचे गुरू कोण हे मात्र कळायला आम्हांला पुढे कित्येक वर्षे लागली.

आधी स्वतःवर प्रयोग, मग दुसऱ्यावर, ही पाश्चर संस्थेतली रीतच होती. मेचनिकॉफ यांनीही कॉलऱ्याचे जंतू एकदा पिऊन पाहिले. त्यांना काही झाले नाही. दुसऱ्या एका माणसाने तेच जंतू घेतले तर तो मरता मरता वाचला. एकच जंतू, एकाला काही होत नाही, दुसरा मरणाच्या दारात, असे का? मेचनिकॉफ यांनी निरनिराळे जंतू एकत्र वाढवून पाहिले. काही जंतू कॉलऱ्याला मदत करत, काही त्याला वाढू देत नसत. म्हणजे पोटात आधीपासून वस्तीला कोण आहे यावर बरेच अवलंबून. जंतू म्हणजे शत्रू, हे समीकरण तेव्हा सगळीकडे रूढ होत होते. त्यांत मित्रही असतात हे ठामपणे मांडणाऱ्या पहिल्या शास्त्रज्ञांत मेचनिकॉफ होते.

येथून पुढे मात्र त्यांची गाडी भरधाव सुटली. वयाची पन्नाशी उलटल्यावर म्हातारपण का येते हा विचार त्यांना छळू लागला. मोठ्या आतड्यात अन्न कुजते, कुजवणारे जंतू विष तयार करतात आणि ते विष रक्तात भिनून माणूस म्हातारा होतो, असा त्यांनी सिद्धान्त बांधला. दूध विरजले की नासत नाही, कारण विरजणाचे जंतू आंबटपणा निर्माण करतात व कुजवणाऱ्या जंतूंना तो मानवत नाही. मग तेच जंतू आतड्यात नेऊन सोडले तर? बल्गेरियातले शेतकरी आंबट दूध खातात आणि शंभरी गाठतात अशी माहिती त्यांच्या कानी आली होती. १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव्ह या तरुण बल्गेरियन डॉक्टराने जिनीव्हात त्या विरजणातला जंतू वेगळा काढून दाखवला. मेचनिकॉफ यांनी स्वतः रोज आंबट दूध घेण्याचा नेम धरला, कच्चे अन्न सोडले, आणि हे सर्व १९०४ सालच्या एका गाजलेल्या व्याख्यानात व पुढे पुस्तकांत मांडले.

मग काय विचारता! वर्तमानपत्रांनी म्हातारपणावर औषध सापडले असे छापले. पॅरिसपासून अमेरिकेपर्यंत आंबट दुधाची, विरजणाच्या गोळ्यांची दुकाने निघाली. आपल्याकडे कोकणातल्या कुठल्याही घरात शिंकाळ्याला लटकलेले दही तेथे औषधाच्या बाटलीतून विकू लागले. आतड्यातल्या कुजण्याची भीती इतकी बोकाळली की लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचे नामांकित शल्यवैद्य रोग्यांचे मोठे आतडेच कापून काढू लागले, आणि त्यांत काही रोगी दगावले. विक्रेत्यांनी केलेल्या जाहिरातींना मेचनिकॉफ जबाबदार नव्हते. पण आपल्या नावाने किती पुढची गोष्ट सांगितली जात आहे हे त्यांना दिसत होते.

आज आपल्याला ठाऊक आहे की म्हातारपण आतड्यातल्या विषाने येते हा सिद्धान्त टिकला नाही. त्यांचा लाडका बल्गेरियन जंतू तर माणसाच्या आतड्यात घर करून राहतच नाही; अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी १९२१ च्या सुमारास हे दाखवून दिले. दह्यातला तो जंतू पाहुण्यासारखा येतो आणि जातो. जाता जाता थोडे काम करतो, पण घरचा होत नाही.

मग आतड्यात घरचा कोण? याचे उत्तर त्यांच्याच संस्थेतल्या आँरी टिसिए या बालरोगतज्ज्ञाने १८९९ साली शोधले होते. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांच्या शीत त्याला एक जंतू विपुल सापडला. त्याचा आकार दोन फांद्या फुटलेल्या काटकीसारखा, म्हणून त्याला बिफिडस, म्हणजे दुभंगलेला, असे नाव पडले. बाटलीच्या दुधावरच्या बाळांत तो कमी. टिसिएने पुढे जुलाब होणाऱ्या बाळांना हाच जंतू देऊन पाहिला. मेचनिकॉफ म्हाताऱ्यांच्या पोटात पाहत होते, टिसिए तान्ह्यांच्या. आणि पुढच्या शंभर वर्षांत शास्त्राला जास्त काही सापडले ते तान्ह्याच्या बाजूला.

मेचनिकॉफ यांची अखेर दुःखात गेली. १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले. प्रयोगशाळेतली तरुण मंडळी आघाडीवर गेली, प्रयोगाचे प्राणी संपले, ज्या दालनात शिष्यांची गर्दी असे ते ओस पडले. विज्ञानाने माणूस शहाणा होईल असा त्यांचा विश्वास, आणि बाहेर माणसे माणसांना मारत होती. त्यांचे हृदय आधीच दुबळे होते. जुलै १९१६ मध्ये, एकाहत्तराव्या वर्षी, पाश्चर संस्थेतच ओल्गाच्या सोबतीत त्यांनी देह ठेवला. मृत्यूनंतर माझी आतडी नीट तपासून पाहा, असे त्यांनी आपल्या डॉक्टर मित्राला सांगून ठेवले होते. मरतानाही ते स्वतःला प्रयोगातून वगळायला तयार नव्हते. त्यांची रक्षा त्याच संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेली आहे. त्यांचे चरित्र पुढे ओल्गानेच लिहिले.

विरजणाचा धंदा मात्र थांबला नाही. सालोनिकाचे एक सेफार्दी यहुदी, आयझॅक करासो, स्पेनमध्ये बार्सेलोनाला येऊन राहिले होते. तेथे मुलांच्या पोटाच्या तक्रारी पाहून त्यांनी पाश्चर संस्थेतून विरजण मागवले आणि १९१९ साली दही बनवून औषधांच्या दुकानांतून विकायला सुरुवात केली. आपल्या दानिएल या मुलाच्या लाडक्या नावावरून त्यांनी त्याला दानोन हे नाव दिले. २००१ साली जागतिक आरोग्य संघटना व अन्न आणि शेती संघटना यांच्या तज्ज्ञांनी प्रोबायोटिकची व्याख्या ठरवली. जंतू जिवंत हवेत, पुरेशा संख्येने हवेत आणि घेणाऱ्याला त्यांचा फायदा व्हायला हवा, हे तिचे सार.

आता आमच्या लेकीच्या प्रश्नाकडे येऊ. गरोदर आणि बाळंत स्त्रीच्या बाबतीत आजवर काय कळले आहे?

पहिली गोष्ट बाळाची. नेहमीच्या मार्गाने जन्मणारे बाळ आईच्या अंगावरचे जंतू घेऊन जगात येते. पोट फाडून काढलेल्या बाळाची सुरुवातीची जंतूंची वस्ती वेगळी असते. पुढे आईच्या दुधात साखरेचे असे काही प्रकार असतात की जे बाळाला पचतच नाहीत. ते बाळासाठी नसतातच मुळी. टिसिएच्या त्या बिफिडो जंतूंचे ते अन्न. म्हणजे आई अंगावर पाजते तेव्हा बाळाबरोबर बाळाच्या पोटातल्या मित्रांनाही जेवू घालते. निसर्गाने किती बारीक हिशेब ठेवला आहे पाहा.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. २००१ साली फिनलंडमधल्या तुर्कू गावच्या संशोधकांनी, ज्या घराण्यांत ॲलर्जीचे विकार होते तेथल्या गरोदर स्त्रियांना शेवटच्या आठवड्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने एक विशिष्ट जंतू दिला. दोन वर्षांनी पाहिले तर, ज्यांना तो मिळाला त्या मुलांत इसब शेकडा २३, इतरांत शेकडा ४६. निम्मा फरक! २०१५ साली जागतिक ॲलर्जी संघटनेने अशा घराण्यांतल्या स्त्रियांनी प्रोबायोटिकचा विचार करावा असे सुचवले, पण पुरावा फार कच्चा आहे हेही त्याच वेळी नमूद केले. आपल्या ओरिसात, म्हणजे आताच्या ओडिशात, साडेचार हजारांवर निरोगी नवजात बाळांवर केलेली चाचणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. एक निवडक जंतू व त्याचे खाद्य आठवडाभर दिल्यावर, जंतुदोष किंवा मृत्यू यांचे प्रमाण शेकडा ९ वरून साडेपाचच्या आत आले. ही लहान गोष्ट नव्हे.

आता दुसरी बाजू. गरोदरपणातला मधुमेह या गोळ्यांनी टळतो काय, हे पाहण्यासाठी सर्व चांगल्या चाचण्या एकत्र तपासून २०२१ साली कॉक्रन या संस्थेने निष्कर्ष दिला. मधुमेह टळतो असे दिसले नाही. उलट, ज्या रक्तदाबाच्या विकाराला डॉक्टर प्री-एक्लॅम्प्सिया म्हणतात त्याचा धोका गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांत वाढलेला आढळला. आमच्या लेकीने ज्या कारणासाठी डबी घेतली होती, नेमके तेच कारण! हे वाचले तेव्हा आमच्या अंगावर काटा आला. अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने तर २०२३ साली डॉक्टरांना सावध केले, की दिवस भरण्याआधी जन्मलेल्या अशक्त बाळांना हे जंतू दिल्यास क्वचित तेच जंतू रक्तात शिरून जिवावर बेतू शकते. बाळंतिणीचे स्तन दुखून ताप येतो त्यावरही काही जंतू देऊन पाहिले आहेत. काही प्रयोगांत गुण दिसला, पण छातीठोकपणे सांगावे असा पुरावा जमलेला नाही.

तेव्हा लेकीला आम्ही असे उत्तर दिले. चांगले जंतू आहेत हे खरे. पण प्रोबायोटिक हे एका औषधाचे नाव नव्हे. ॲस्पिरिन आणि क्विनाइन दोन्ही गोळ्याच; म्हणून एकीचे काम दुसरी करीत नाही. तसेच येथे. कोणता जंतू, कोणासाठी, कशासाठी आणि केव्हा, हे चार प्रश्न विचारल्यावाचून डबी उघडू नये. मेचनिकॉफ यांची नजर अचूक होती, चुकली ती घाई. मित्र दिसला म्हणून त्यांनी त्याच्याकडून म्हातारपण हटवण्याची अपेक्षा केली. आज दुकानदार आपल्या गरोदर मुलींच्या बाबतीत तीच घाई करीत आहेत.

आणि दही? चांगल्या तापवलेल्या दुधाचे घरचे दही, ताक, किंवा येथले लेबेन गरोदर आणि बाळंत स्त्रीने खुशाल खावे. त्यात प्रथिने आहेत, कॅल्शियम आहे, आणि बाळाला त्याने सर्दी होत नाही. सर्दी होते ती विषाणूने. मात्र न तापवलेल्या कच्च्या दुधाचे दही किंवा चीज गरोदरपणी मुळीच नको. त्यातून लिस्टेरिया नावाचा जंतू येऊ शकतो व तो वारेतून थेट बाळापर्यंत पोचतो. हा झाला शत्रू. मित्र आणि शत्रू दोघेही दुधातूनच येतात, म्हणून दूध तापवणाऱ्या आपल्या आया शहाण्या. अंगावर पाजणे जमत असेल तर त्यासारखे दुसरे विरजण नाही. ज्यांना जमत नाही त्यांनी मनाला लावून घेऊ नये, बाळ वाढवायला दुसरेही मार्ग आहेत. गोळ्या घ्यायच्याच असतील तर डॉक्टरांना विचारून. आपल्यासाठी आणखी एक सूचना: पुष्कळ गोळ्यांचे आवरण जिलेटिनचे असते, तेव्हा ती कोशर आहेत का तेही पाहावे.

आमच्या थोरल्या भगिनींना हे सारे वाचून दाखवले. त्या काही बोलल्या नाहीत. पण हाफकिन ज्यांचा शिष्य तो माणूस रोज विरजलेले दूध पीत असे, एवढे त्यांच्या मनात राहिले असावे. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो ओट्यावर फडक्यात गुंडाळून विरजण लावलेले, आणि दुपारी बाळंतिणीच्या ताटात वाटीभर दही.

टिपत हालाव या नावाचा अर्थ दुधाचा थेंब. आपल्या घरात कुणाला दिवस गेले असतील तर आमची हात जोडून विनंती एवढीच: त्या दाराशी जाताना घरातल्या सगळ्या डब्या, गोळ्या, चूर्णे पिशवीत घालून घेऊन जा आणि नर्सबाईंच्या टेबलावर मांडा. लाजण्यासारखे त्यात काही नाही. आम्ही चार रात्री जागून जे शिकलो ते तुम्हांला जागरणाशिवाय मिळावे, म्हणून हा लेखनप्रपंच. असो.